सायकल मिळाली, टायरचे काय?

"गुरुजी, ट्यूबना काय दोष शे? टायर मरी जायेल शे."

पारोळा तालुक्यातल्या एका फाट्यावर, लिंबाच्या सावलीत बसणाऱ्या मिस्त्रींनी हे वाक्य मला ऐकवले, त्याला आता वीसेक वर्षे होतील. आठवड्यातले ते माझे तिसरे पंक्चर होते. ट्यूब कुचकामी निघाली म्हणून मी दुकानदाराच्या नावाने बोटे मोडत होतो. मिस्त्रींनी टायर रिमवरून उतरवले, दोन्ही हातांनी उलटे वाकवले आणि माझ्या नाकासमोर धरले. मधल्या पट्ट्यातले रबर झिजून आतला दोरा दिसू लागला होता. जुन्या सदऱ्याची कोपरे विरतात, तसे ते झाले होते. अशा टायरखाली ट्यूब सोन्याची घातली तरी बाभळीचा काटा तिला गाठणारच होता. मिस्त्रींचे पोट पंक्चरवर चालते. दर दोन दिवसांनी येणारे माझ्यासारखे गिऱ्हाईक त्यांनी हातचे सोडले, याचे मला तेव्हाही आश्चर्य वाटले होते.

हे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर जुन्या शाळेत जाण्याचा योग आला. पडवीला लागून सायकली लावलेल्या असतात, त्या मोजण्याची माझी जुनी खोड. जूनमध्ये पाहिल्या होत्या त्यापेक्षा निम्म्याच दिसल्या. चौकशी केली तेव्हा वर्गशिक्षिका म्हणाल्या, "सर, सायकली घरी आहेत. चाकं बसलीत." नववीतल्या एका मुलीचे घर शाळेपासून चार किलोमीटरवर, शेतातल्या वस्तीवर. तिची सायकल गोठ्यात भिंतीला टेकून उभी होती. दोन पावसाळे झालेले, मागचे टायर कडेला फाटलेले, ट्यूबला आठ-नऊ ठिगळे. कापूस वेचणीचे दिवस होते. सायकल नाही म्हणून मुलगी आठवड्यातून दोन दिवस शाळेत येई, उरलेले दिवस आईबरोबर वेचणीला जाई. घरातल्या कोणी तिला शाळा सोड म्हटले नव्हते. पण अडीच-तीनशे रुपयांच्या टायरवाचून ती सुटत चालली होती.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असले पाहिजे, ही अट. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळ्या एसटी गाड्या आहेत. आपल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले काही तालुके या योजनेत आहेत. २०२२ साली अनुदानाची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्गात मुलींची संख्या टिकली ती या सायकलींमुळे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पैसे मुलीच्या बँक खात्यात जमा होतात आणि सायकल पालक स्वतः घेतात. म्हणजे कोणती सायकल आणि कोणते टायर, हा निर्णय वडील आणि दुकानदार मिळून करतात. आणि हे अनुदान एकदाच मिळते. आठवीत घेतलेली सायकल बारावीपर्यंत पुरवायची असते.

दुकानात काय होते ते एकदा उभे राहून पाहावे. मुलीला रंग आवडतो. वडिलांना 'मजबूत' सायकल हवी असते, आणि जाड गोट्यांचे टायर म्हणजे मजबूत अशी आपली समजूत. दुकानदार पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली, ट्रॅक्टरसारख्या टायरची सायकल पुढे करतो. टायर दाबून कोणी पाहत नाही, त्याच्या कडेवर काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. बैल घेताना दात आणि खूर पाहणारा माणूस सायकल घेताना फक्त घंटी वाजवून पाहतो.

त्या गोट्यांचे आधी बोलू. मोटारीच्या टायरला नक्षी लागते, कारण रुंद आणि वेगवान चाकाखाली पाणी साचून गाडी घसरते. सायकलचे टायर इतके अरुंद आणि वेग इतका कमी की डांबरी रस्त्यावर हा प्रश्नच येत नाही. तिथे जवळजवळ गुळगुळीत टायरच उत्तम धरते. गोट्या डांबरावर नुसत्या घरघरतात, पाय दुखवतात आणि लवकर झिजतात. शेतरस्त्याला तरी उपयोग व्हावा, तर आपली माती काळी. पहिला चांगला पाऊस झाला की ती टायरला अशी चिकटते की मडगार्डमध्ये चाक जाम होते आणि काडीने कोरत कोरत सायकल खांद्यावर घ्यावी लागते. खान्देशात हे ज्याने केले नाही तो सायकलवाला नव्हे. अशा चिखलात गोट्यांचे टायर आधी अडकते, साधे टायर थोडे उशिरा. गोट्या उपयोगी पडतात त्या मुरमाड चढावर किंवा वाळूत. शाळेच्या वाटेवर तेवढ्यासाठी रोजचे ओझे कशाला ओढायचे?

रबराचा पहिला काळा रंगही नंतरचा आहे. सुरुवातीची टायरे पांढुरकी असत. विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात काजळी मिसळू लागले तेव्हा ते कित्येक पटींनी टिकाऊ झाले. म्हणून निदान जमिनीला टेकणारा पट्टा काळाच असू द्यावा. रंगीत टायर मुलांना आवडते, पण निव्वळ रंगासाठी ते घेऊ नये.

हवेचे टायर निघाले त्याची कथा बहुतेकांना ठाऊक असते. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ते केले. थॉम्सन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने त्याआधी, १८४५ सालीच, अशा टायरचे पेटंट घेतले होते. ते विस्मरणात गेले आणि नाव डनलॉपचे झाले. आपल्याकडे बंगालमध्ये साहागंज येथे डनलॉपचा कारखाना १९३६ साली निघाला. कित्येक वर्षे टायर म्हणजे डनलॉप असेच समीकरण होते. पुढे तो कारखाना बंद पडला. आता आपल्या बाजारातली सायकलची टायरे मुख्यतः लुधियानाची, काही हैदराबादची. यात खान्देशाचा संबंध कुठे, असे कोणी विचारील. संबंध आहे. टायरचे बळ रबरात कमी आणि आतल्या कापडात जास्त असते. एकेकाळी हे कापड कापसाच्या दोऱ्याचे असे, आता ते नायलॉनचे असते. रबर फक्त झिजते आणि पाणी अडवते. हवेचा जोर आणि माणसाचा भार दोरा पेलतो. म्हणूनच दोरा दिसू लागला की टायर संपले. मग कितीही गेटर टाका, तो मुक्काम गाठण्यापुरता उपाय. पण आपल्याकडे गेटर टाकून टायर आणखी दोन वर्षे काढले याचा अभिमान बाळगणारी मंडळी आहेत. मीही त्यांतलाच होतो.

आता शत्रूंकडे वळू. आपल्याकडे ते ऋतूंप्रमाणे बदलतात. पावसाळा सरला की सराटे वाळून वाटेवर सांडतात. हाच गोखरू. ते फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच. इंग्रजीत त्या वेलीला नावच 'पंक्चरची वेल' असे आहे. बांधावरच्या बाभळी छाटून त्यांच्या फांद्या कुंपणासाठी ओढत नेतात तेव्हा सगळी गाडवाट काट्यांनी भरते, आणि वेड्या बाभळीला तर ऋतूच नाही. यावर जाड रबर हा थोडा इलाज आहे. त्याहून चांगला इलाज म्हणजे रबर आणि कापड यांच्या मधोमध लवचीक रबराचा किंवा चिवट धाग्यांचा वेगळा थर असलेले टायर. जर्मन श्वाल्बे कंपनीच्या 'मॅरेथॉन प्लस' या टायरात असा पाच मिलिमीटरचा थर असतो आणि जगभर लांबच्या सफरी करणारे लोक त्याची शपथ घेतात. ते आपल्याकडे मागवता येते, पण एका टायरच्या किमतीत इथे तीन-चार साध्या जोड्या येतील. वस्तीवरच्या मुलीला ते सांगणे म्हणजे थट्टा झाली. असा पातळ थर असलेली टायरे आता देशातही बनतात. ती साध्यापेक्षा काहीशी महाग असतात. प्रश्न एवढाच की ती एरंडोलच्या किंवा साक्रीच्या दुकानात मिळत नाहीत, कारण मागणारे कोणी नाही. आणि कोणी मागत नाही, कारण ती असतात हेच ठाऊक नाही.

पण आता एक नवा काटा आला आहे, त्याचे नाव अजून पडलेले नाही. जळगावहून धुळ्याचा हमरस्ता चौपदरी झाला. फागणे ते तरसोद या टप्प्याचे काम वर्षानुवर्षे रखडले होते, ते सर्वांनी सोसले. रस्ता रुंद झाला आणि सायकलवाला कडेच्या पट्टीवर ढकलला गेला. त्या पट्टीवर मोठ्या गाड्यांच्या फुटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात. ट्रकची हल्लीची बरीच टायरे पोलादी तारांची असतात. त्या तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्यावर विखुरतात आणि सायकलच्या टायरात शिरून बसतात. काटा दिसतो, तार दिसत नाही. मिस्त्री ट्यूब काढतो, ठिगळ लावतो, आणि दोन किलोमीटरवर तीच तार पुन्हा तिथेच टोचते. मग आपण मिस्त्रीला शिव्या देतो. यावरचा उपाय मला त्याच लिंबाखाली पाहायला मिळाला. मिस्त्रींनी रस्त्यापलीकडच्या शेतातून कापसाचे एक बोंड तोडून आणले, त्याचा बोळा केला आणि टायरच्या आतून सावकाश गोल फिरवला. एका जागी कापूस अडकला. तिथे चिमट्याने धरून तार उपटली. बोट फिरवले असते तर बोट चिरले असते.

आपल्या उन्हाचे काय? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा 'उन्हाने टायर फुटले' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. मी एकदा हिशेब केला. पंचवीस अंशांना ५० पौंड हवा भरली तर पंचेचाळीस अंशांना ती ५४ पौंडांच्या आसपास जाते. उन्हात उभ्या केलेल्या सायकलचे टायर पासष्ट अंशांपर्यंत तापले असे धरले तरी ५९ च्या पुढे जात नाही. धड टायर एवढ्याने फुटत नाही. फुटते ते आधीच कडेला तडकलेले टायर. हा तडा उन्हामुळे आणि हवेतल्या ओझोनमुळे वर्षानुवर्षे पडत आलेला असतो, आणि उरलेसुरले काम कमी हवेवर चालवण्याने होते. ऊन फार तर शेवटचा धक्का देते. हां, ठिगळाचे सोल्युशन मात्र उन्हात खरोखर सैल होते. म्हणून उन्हाळ्यात सायकल सावलीत लावावी. ठिगळांवर ठिगळे असलेली ट्यूब एप्रिलमध्येच बदलून टाकावी.

हा हिशेब मला सुचला तो हात गळ्यात अडकवून घरी बसलो होतो तेव्हा. एका मे महिन्यात जळगावहून धुळ्याला लग्नाला सायकलने निघालो होतो. नव्वदेक किलोमीटर, पहाटे चारला निघालो म्हणजे उन्हाआधी पोचू, असा बेत. (बस होती. पण सायकलवाल्याचा अहंकार म्हणून एक गोष्ट असते.) आदल्या दिवशी एकच नवे टायर घेतले होते आणि ते रीतीप्रमाणे मागे टाकले. मागचे लवकर झिजते, भार त्यावर जास्त, म्हणून नवे मागे. पुढे होते ते जुने, कडेला तडकलेले. पारोळ्याच्या पुढे उतारावर पुढचे फुटले. मागचे फुटले तर सायकल डगमगते, पण सावरता येते. पुढचे फुटले की हँडल आपले राहत नाही. डावा हात मोडला. लग्नाचे जेवण हुकले. उन्हाला दोष देत सहा आठवडे काढले. खरा दोष माझ्या रीतीचा होता.

तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत असतो आणि इथेही सांगतो. एकच नवे टायर घ्यायचे असेल तर ते पुढे टाकावे, पुढचे जुने मागे न्यावे आणि मागचे झिजलेले फेकून द्यावे. मिस्त्रीला दोन चाके उतरवावी लागतात, तो कुरकुरतो, दहा-वीस रुपये जास्त मागतो. ते द्यावेत.

मापाचा घोळ हा आणखी एक छळ आहे. '२६ इंची टायर द्या' असे म्हणून गावातून तालुक्याला गेलेला बाप चुकीचे टायर घेऊन येतो आणि पुन्हा एसटीचे भाडे भरतो. त्यात त्याची चूक नसते. २६ इंची नावाखाली रिमची निरनिराळी मापे आहेत. २६ गुणिले १ पूर्णांक ३/८ वेगळे, २६ गुणिले १.९५ वेगळे. एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. म्हणून टायरच्या कडेवर कोरलेला बारीक आकडा वाचावा. जुन्या काळ्या उंच सायकलचे २८ गुणिले १ पूर्णांक १/२ हे माप तिथे ४०-६३५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची जाडी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. लेडीज सायकलच्या २६ गुणिले १ पूर्णांक ३/८ ला दुसरा आकडा ५९० असतो, गोट्यांच्या २६ इंचीला ५५९. दुसरा आकडा जुळला की टायर बसणार. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. सायकल घेतानाच तालुक्याच्या दुकानात कोणत्या मापाची टायरे नेहमी मिळतात ते विचारून घ्यावे, कारण सुंदर सायकलचे न मिळणारे टायर ही फारच वाईट गोष्ट आहे.

हवेबद्दल मात्र आपण सगळेच बेफिकीर. अंगठ्याने दाबून 'आहे हवा' म्हणायचे आणि निघायचे. कमी हवेवर कॅरिअरला धाकटा भाऊ किंवा चाऱ्याचा भारा बांधून दगडावरून चाक गेले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते, आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. साप चावल्यासारखी ती दोन भोके दिसली की समजावे, काट्याचा दोष नाही, पंपाचा आळस आहे. साध्या ट्यूबच्या व्हॉल्व्हवर हवेचा दाब मोजता येत नाही, ही अडचण आहे. मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब घेतली तर पेट्रोल पंपावर मोजून हवा भरता येते. मात्र तिथली हवा सपाट्याने भरते. टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्यावर नजर ठेवून थांबायला सांगावे लागते.

कोणी म्हणेल, आता घरोघरी मोटारसायकली झाल्या, सायकलचे एवढे काय घेऊन बसलात? २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, हे एक उत्तर. पण त्याहून सरळ उत्तर असे की आठवी-नववीतल्या मुलीला मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळत नाही. घरात गाडी असली तरी ती सकाळी बापाबरोबर शेतावर किंवा कंपनीत गेलेली असते. त्या मुलीच्या हक्काचे वाहन सायकल हेच एक आहे. नगरपालिका सायकलवर कर घेत, पितळी बिल्ला देत, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडत, त्या काळी सायकलची निदान दखल तरी घेतली जाई.

म्हणून माझे म्हणणे असे. अनुदानाच्या अर्जाबरोबर एक साधा कागद द्यावा. त्यावर टायर कसे पाहावे, आकडा कोणता वाचावा, नवे टायर पुढे का टाकावे हे चार ओळींत लिहिलेले असावे. पाच हजारांत सायकल बसवताना गिअर आणि स्प्रिंगवर पैसे घालण्याऐवजी साधी सायकल आणि बरे टायर घ्यावे, हे मुख्याध्यापकांनी पालकसभेत सांगावे. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मुलगी दहावीत जाताना, टायर-ट्यूबच्या एका जोडीपुरती रक्कम द्यावी. चारही नगांना मिळून हजार रुपयेही लागणार नाहीत. पाच हजारांची वस्तू तेवढ्यासाठी गोठ्यात उभी राहते, हा कोणत्या जमाखर्चात बसणारा शहाणपणा? आणि प्रत्येक शाळेत एक उभा पंप, पाने आणि सोल्युशनची डबी असावी. त्याला शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही, ग्रामपंचायतीला ते जड नाही. मुलींनाच पंक्चर काढायला शिकवावे. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदाची फुले वर्षानुवर्षे करून घेतली, त्यात मीही सामील होतो.

त्या वस्तीवरच्या मुलीच्या घरी मी नंतर गेलो. वेचणीचे पैसे आले होते. वडील तालुक्याला जाऊन टायर आणणार होते, पण दोन्ही टायरांपुरते पैसे काढणे त्यांना जमणारे नव्हते. मी देऊ केले तर ते संकोचले. मग मी आग्रह सोडला आणि कागदावर आकडा लिहून दिला. पुढच्या शनिवारी ते टायर घेऊन आले, आकडा जुळला होता. मिस्त्रींचा मुलगा आता लिंबाखाली बसतो. त्याने दोन्ही चाके उतरवली, कापूस फिरवला, पुढचे जुने टायर मागे चढवले आणि नवे हातात घेऊन मुलीच्या वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "पुढं टाक भाऊ, गुरुजी सांगी राहिनात." मुलगी बाजूला उभी राहून पंप धरून होती.